गाड्यांना सावली, पोरांना मफी

परकारचाचा लिफ्टमध्ये शिरले की आधी माणसं इकडची तिकडं करतात. एका कोपऱ्यात चौघं आन् दुसऱ्या कोपऱ्यात मी एकटी असली की हात हलवून म्हणतात, "यल्ला, चला, एक जण हिकडे या, काटा सरळ करा." फिलिपिनो असो नायतर मल्याळी, सगळे मुकाट सरकतात. लिफ्टला काय फरक पडत नाय, चाचांना पडतो.

इथं आखातात, हूऱ्याला, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहतात. गाव दापोलीकडचं, बायको गावाला, तीन पोरी लग्न होऊन गेलेल्या. मीना सलमान बंदरावर एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर आहेत, आख्खी जवानी माल तोलण्यात गेली, म्हणून त्यांना सगळीकडं काटाच दिसतो. एका लग्नात ते अर्धा वेळ नवरीकडच्यांत बसले, अर्धा वेळ नवऱ्याकडच्यांत, आन् बिर्याणी दोन्हीकडं जेवले. वर म्हणाले, "कुणाला वाईट वाटायला नको."

पण चाचांचं खरं येड म्हणजे आमच्या पोरीची शाळा. त्यांचं कुणी त्या शाळेत नाय, तरी पालकसभा असली की इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून, पहिल्या रांगेत हजर. मी म्हसळ्याची, आठवीत शाळा सुटलेली, मला शाळेच्या गेटाचीच भीती वाटते. मी मागच्या रांगेत, दाराजवळ.

शाळा एकच पण बिल्डिंगा दोन. एक आमच्याकडची जुनी, एक तिकडं अमवाजच्या श्रीमंत वस्तीतली नवी. कमिटी एक. बिल्डिंग फंड म्हणून दोन्हीकडच्या आईबापांकडून सारखाच घेतात, खर्च मात्र सगळा अमवाजला. आमच्या केजीच्या पोरांचं खेळायचं अंगण उघडं, वर काय म्हणजे काय नाय. एक दिवस आमची आफरीन घरी आली ती लालबुंद, दप्तरासकट पडली, उलट्या. मी पाणी मारतेय, पंखा लावतेय, तिच्या अब्बांना फोन लावतेय. संध्याकाळी तिचे अब्बा हॉटेलातल्या ड्युटीवरून आले, पोरीच्या कपाळावर हात ठेवला आन् म्हणाले, "तू शाळेत काय बोलू नको हां. त्यांनी पोरीचं नाव काढून टाकलं तर दुसरीकडची फी आपल्याला झेपायची नाय."

म्हणून मी कुणाला बोलले नाय. फक्त लिफ्टमध्ये चाचांना बोलले.

झालं. शुक्रवारी सकाळी खाली चाचांच्या पिकअपचा हॉर्न. "चल बाय, पोरीला घे. अमवाजची बिल्डिंग बघून येऊ."

"चाचा, आत कोण सोडील आपल्याला?"

"तू ॲडमिशनला आली आहेस."

तिकडच्या वॉचमनला चाचांनी खरंच तसं सांगितलं, आन् मी ॲडमिशनला आल्यासारखं तोंड करून उभी राहिले, ते तोंड कसं असतं ते मला म्हाईत नाय, पण त्यानं सोडलं. आत बघते तर अंगणावर निळं छप्पर, खाली मऊमऊ रबर. आफरीन त्यावर मुद्दाम पडून बघत होती. मग आम्ही मागं गेलो, तिथं गाड्या लावायची जागा. तिच्यावरपण छप्पर, तसंच निळं, जरा जास्तच चांगलं.

चाचा कमरेवर हात ठेवून उभे. "बघितलंस बाय? गाड्यांना सावली, पोरांना मफी." मफी म्हणजे इथल्या भाषेत काहीच नाय.

आफरीन वर बघून म्हणाली, "चाचा, कॅन आय बी अ कार?" तिला मराठी सगळं कळतं, तोंडातून इंग्लिशच येतं.

पुढची सभा आमच्या बिल्डिंगीत होती. मी पोचले तर हॉल मोकळा, आन् खुर्च्या सगळ्या अंगणात, उन्हात. चाचांनी एकट्यानं बाहेर काढल्या होत्या, त्यापण केजीच्या, गुडघ्याएवढ्या. निम्म्या डावीकडं, निम्म्या उजवीकडं, मधून वाट.

"चाचा, काय हे? ओरडतील ना."

"ओरडू देत. बसतील तर कळेल."

कमिटीचे अध्यक्ष अंगानं चांगले भरलेले, वर कोट. ते त्या खुर्चीत बसले तेव्हा गुडघे हनुवटीला टेकले. अमवाजला नवीन स्टेज करायचं, असं ते वाचायला लागले, आन् घाम टपटप कागदावर. चाचा उठले, हिंदीत म्हणाले, आधी इथं छप्पर करा, फंड दोघांचा तर काटा सरळ पायजे.

अध्यक्ष म्हणाले, "आपका बच्चा कौन सी क्लास में है?"

एवढा बोलणारा माणूस, वळून माझ्याकडं बघायला लागला.

"पेरेंट नहीं हैं तो बैठ जाइए."

ते बसले. आन् त्यांची मान अशी खाली गेलेली मी कधी बघितली नव्हती, मला काय झालं कळलं नाय, मी उभी होते. सगळे वळून बघतायत, मी ओढणी घट्ट धरलेली, आफरीनच्या अब्बांचं वाक्य कानात, आन् तोंडातून हिंदी येतंय, "साब, मेरी बच्ची केजी में है. उधर गाडी को छाँव है. ये पूछती है, मैं गाडी बन जाऊँ क्या." खाली बसले.

मग वसईची एक नर्स आहे, लीना, तिचा मुलगा आफरीनच्या वर्गात, ती म्हणाली, "बरोबर बोलते ती. माझा पोरगापण घरी येऊन झोपूनच असतो." मग कोण, मग कोण, सगळेच सुरू.

अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. "ठीक है, इंशाल्ला, देखेंगे."

चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "इंशाल्ला हमको भी आता है साब. आप महीना बोलो."

हसू फुटलं सगळ्यांना. अध्यक्ष तावातावानं उठले तर खुर्चीपण त्यांच्याबरोबर उठली, घट्ट अडकलेली, लीनानं एक हात धरला, चाचांनी मागून खुर्ची ओढली, आन् त्या ओढाताणीत साहेब म्हणून गेले की सुट्टीत छप्पर होईल, स्टेज नंतर. लिहूनपण घेतलं लगेच, कारण लीनानं पेन पुढं धरलं होतं. आफरीनचं नाव काय कुणी काढलं नाय.

सुट्टीनंतर छप्पर झालं. मग ओपन हाऊस आलं, म्हणजे टीचर एकेका आईबापाला बसवून पोरांचं सांगतात. तिच्या अब्बांना ड्युटी, एकटीनं जायची माझी हिंमत नाय, चाचांना नेलं. टीचरला वाटलं हे आजोबा. ती हिंदीत त्यांनाच सांगायला लागली, रंग छान भरते, बोलते फार, डबा दुसऱ्यांना वाटून टाकते.

"और?" चाचा म्हणाले.

तिनं आणखी सांगितलं, रडणाऱ्या पोरांजवळ जाऊन बसते.

"और बोलिए ना, मॅडम."

मागं रांग लागलेली, मी त्यांची बाही ओढतेय, त्यांचं लक्षच नाय. टीचरनं शोधून शोधून सांगितलं, पेन्सिल चावते, एवढंसुद्धा.

बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये ते थांबले. "माझ्या तिघी शिकल्या, बाय. पास झाली, एवढं फोनवर कळायचं. मी आपला इथं. पेन्सिल चावतात का, ते कुणी मला कधी सांगितलंच नाय."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आन् गावाला मोठीला लावला. तिचीच पोरं आता शाळेत जातात.

"नसरीन, तू शाळेत कशी होतीस गं? बोलायचीस काय फार?"

तिकडून ती आधी हसली, म्हणाली, अब्बा, आत्ता विचारताय? मग हळूहळू सांगायला लागली.

चाचा भिंतीकडं तोंड करून ऐकत होते. मी आफरीनचा हात धरला आन् जिन्यापाशी जाऊन थांबले.