शालिकरामची गाडी पास होते

"एजंट? मले काहून लागन गा एजंट? गाडी माही, कागद माहे, मैदान सरकारचं! एका तासात पास करून आणतो का नाई पाहा!"

हे वाक्य शालिकरामने आठवडाभरात इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्यात तो केस-पेपरच्या खिडकीत बसायचा, तिथले नेहमीचे पेशंटही आपलं दुखणं सांगायच्या आधी त्याच्या गाडीची चौकशी करू लागले होते!

मोटारसायकलीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. पंधरा वर्षांनी गाडी आरटीओच्या मैदानावर नेऊन साहेबांना दाखवायची. ती रस्त्यावर चालण्याजोगी आहे असं साहेबांनी लिहून दिलं, की पुढच्या पाच वर्षांची काळजी मिटली. घोडं अडत होतं ते घरात. बायको प्रेमिलाने जाहीर करून टाकलं होतं.

"पास झाली तं ठेवा. पाच वर्षं तोंडातून शब्द काढणार नाई मी. पण नापास झाली, तं त्याच दिवशी भंगारात! अन् मंग मी म्हणीन ते स्कूटर चालवाची, गुलाबी आणली तरी!"

लग्नानंतर महिनाभरात घेतलेली ही गाडी. मिनल जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यावरच. गाडीत त्याचा जीव होता, आणि हे कबूल करायला तो लाजतही नसे.

बरं, गाडीत दोष म्हणावेत असे नव्हतेच. सवयी होत्या! हॉर्न वाजवायचा तर हँडल उजवीकडे वळवावं लागे. हेडलाइट एक थापड खाल्ल्याशिवाय लागत नसे. फाटक्या सीटवर प्रेमिलाच्या जुन्या गाऊनचं कव्हर होतं. आरसे तर त्याने पहिल्याच वर्षी काढून टाकले होते. आपण पुढे चाललो असताना मागचं बघून करायचं काय, हा त्याचा रोकडा सवाल!

"साहेबाले सवयी नाई चालत, भाऊ," गोलू मेकॅनिक म्हणाला. नंदनवनात त्याचं छोटंसं गॅरेज होतं आणि या जुन्या मॉडेलवर हात चालणारा तो एकटाच उरला होता. "याचं सामान कंपनी आता बनवतच नाई. पण तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी सामान लावून देतो. पास झाली का आणून द्या परत."

"कोनाचं सामान लावतं गा?"

"तुमाले आंबे खायाचे, का झाडं मोजाचे?"

शालिकरामने झाडं मोजली नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी गाडी घरी आली तेव्हा ओळखू येईना! दोन आरसे, चारी इंडिकेटर, नवा हॉर्न, काळी कुळकुळीत सीट, चकचकीत हेडलाइट. फक्त हेडलाइटच्या टोपणावर लाल रंगात, वेलबुट्टी काढून, 'आयुष' असं लिहिलेलं होतं.

"पप्पा, हा आयुष कोण?" मिनलने विचारलं.

"हो ना. कोन हाय हा?" प्रेमिलानेही विचारलं, पण जरा वेगळ्या आवाजात.

"कंपनीचं नाव हाय वं ते!" शालिकरामने ठोकून दिलं.

सकाळी साडेनऊला तो मैदानावर रांगेत उभा होता. मागे एक जाडजूड गृहस्थ गाडी ढकलत, धापा टाकत आले. गाडी हुबेहूब शालिकरामच्याच मॉडेलची. पण काय तिची दशा! आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत, हेडलाइटच्या जागी भोक, आणि सीटच्या जागी नुसता पत्रा.

"काय झालं जी तुमच्या गाडीले?" शालिकरामने कळवळून विचारलं.

"चोरी!" गृहस्थ कडाडले. ते कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचे दलाल होते, रुपराव नाव. दिवसभर लिलाव पुकारणारा गळा तो, साधं बोलले तरी अर्ध्या मैदानाला ऐकू जाई. "परवा गॅरेजमंदी ठेवली होती. आज पहाटे चाबी घेऊन गेलो, तं ही अशी! मेकॅनिक झोपून, फोन उचलेना. पासिंगची तारीख आजची, मंग आणली तशीच. आता साहेबाच्या हातापाया पडतो, अन् इथून सीधा पोलीस ठाण्यात जातो. चोर सापडनच!"

"क... कसा सापडन?"

"माह्या हेडलाइटवर पोराचं नाव हाय ना! आयुष!"

उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा शालिकरामने सर्रकन सोडला आणि हेडलाइटला गुंडाळला. दोन्ही कोपरं दोन आरशांवर टेकवली आणि सीटवर असा घट्ट बसला, की चारजणांना उठवायला यावं लागलं असतं.

"हेडलाइटले काहून बांधलं गा?"

"ऊन लागते तिले."

रुपरावांनी सहानुभूतीने मान हलवली. चांगला माणूस होता हो! शालिकरामला खरोखर लाज वाटली. सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. पण डोळ्यांपुढे गुलाबी स्कूटर उभी राहिली आणि तोंड मिटलं.

तेवढ्यात नशिबाने हात दिला. रुपरावांकडे विम्याच्या कागदाची झेरॉक्स नव्हती. ते "माही गाडी पाह्यजा जरा!" म्हणून गेटबाहेर धावले आणि इकडे साहेब आले. चष्मा नाकावर, मोबाइल हातात, चेहरा कोरा.

"दुपट्टा काढा. हॉर्न. लाइट. डावा इंडिकेटर. उजवा. ब्रेक."

सगळं पहिल्या फटक्यात चाललं! शालिकराम सवयीने हेडलाइटला थापड मारणार होता, त्याने हात वरच्या वर थांबवला. साहेबांनी चेसिस नंबर पाहिला, चारी बाजूंनी फोटो काढले, मोबाइलवर बोट ठेवलं.

"पास. पुढची गाडी!"

"आयुष!!!"

झेरॉक्स घेऊन परतलेल्या रुपरावांची ती आरोळी. सगळी रांग वळली. साहेबही दचकले.

"मुलगा हरवला का तुमचा?"

"पोरगा नाई, साहेब! हेडलाइट! हे पाहा, माहा हेडलाइट, माहे आरसे, माही सीट! अन् हा माणूस एका घंट्यापासून तिच्यावर बसून माह्याशी गोड बोलून राहिला!" रुपरावांनी शालिकरामची कॉलर धरली. "चोट्टा!"

"मी चोर नाई जी! गोलूनं लावून देल्लं! गोलूले विचारा!"

फोन लागला. गोलू नुकताच उठला होता.

"रुपरावजी? तुमची तारीख तं उद्या हाय ना?"

"आज हाय गा, आज!"

"अरे बापा! म्हणजे या खेपेले लोचा झाला. तीन वर्षांपासून या सामानावर अकरा गाड्या पास केल्या मी, कधी तारखा आपटल्या नाई!"

फोन स्पीकरवर होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. शालिकराम हात जोडून उभा राहिला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "साहेब, कॅन्सल नका करू. घरवाली भंगारात देऊन टाकन हिले."

"मी पाहिली तेव्हा गाडीवर सगळं सामान होतं," साहेब कोरडेपणाने म्हणाले. "फोटो चढले. आता मलाही ते काढता येत नाहीत. पण यांचं सामान यांना इथेच द्यायचं. माझ्यासमोर!"

मग काय! रांगेतल्या लोकांना आयताच उद्योग मिळाला. ज्याच्या डिक्कीत जो पाना होता तो बाहेर आला. अर्ध्या तासात शालिकरामच्या गाडीची सालं निघाली आणि रुपरावांची गाडी नवरीसारखी सजली. तीही पास झाली. रुपरावांनी निघताना मोठ्या मनाने शालिकरामची कॉलर नीट करून दिली. पोलिसात जायचंही त्यांनी रद्द केलं.

शालिकरामने पुन्हा गोलूला फोन लावला. "अन् माहं जुनं सामान?"

"ते तं कालच भंगारवाल्याले देल्लं, भाऊ. तुमाले काय करा लागते त्याचं?"

सीट नाही, हेडलाइट नाही, हॉर्न नाही. भर दुपारी शालिकराम गाडी ढकलत घराकडे निघाला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. पण मनातून, खरं सांगायचं तर, तो खूश होता. पाच वर्षं! खिशात सरकारी शिक्का होता आणि प्रेमिलाने शब्द दिलेला होता.

प्रेमिला फाटकातच उभी होती. शालिकरामने कागद पुढे केला. तिने तो दोनदा वाचला. मग गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. हेडलाइटच्या भोकात डोकावली. सीटच्या पत्र्यावरून हात फिरवला.

"पास झाली म्हणता?"

"पास! शिक्का पाह्य ना!"

"बरं झालं बापा," प्रेमिला म्हणाली. "नापास झाली असती, तं सरकारनं अजून काय काय काढून घेतलं असतं!"