पासवर्डाचा उत्तरार्ध

सन २००९च्या मे महिन्यातल्या एका रविवारी, अकराला दहा मिनिटं कमी असताना, सुदाम पगारे यांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच इंटरनेटच्या दारात, त्यांच्याच बायकोने अडवलं आणि अर्ज लिहायला लावला. असं काही घडलेलं नाही. निदान सुदामरावांचं तरी तसंच म्हणणं आहे, आणि ज्या माणसाने अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर बत्तीस वर्षं नोंदी ठेवल्या, त्याला खोटं ठरवणारे आपण कोण? तेव्हा काही घडलंच नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

पगाऱ्यांचं घर बदलापुरात, सोनिवलीच्या रस्त्याला, तीन मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. घरात सुदामराव, भागीरथीबाई आणि कॉलेजात शिकणारी पायल. थोरला राजरत्न नोकरीसाठी सिंगापूरला. तिथे त्याला मुलगी झाली आणि इथे इंटरनेट आलं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून कैलास नावाच्या कॉम्प्युटरवाल्याने दोन शिंगांचा राऊटर आणून टीव्हीवर ठेवला. भागीरथीबाईंनी त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल घातला.

पण नात काही नीट दिसेना. फोन लागायचा, चित्र यायचं आणि अडकायचं. कायम एकाच जागी: एक डोळा मिटलेला, तोंड अर्धं उघडं. भागीरथीबाईंनी तीन आठवडे नातीला याच अवस्थेत पाहिलं होतं.

"पायल, पोरगी हालत कशी नाही गं?"

"आई, नेट स्लो आहे."

"नेटचं मला सांगू नकोस. डॉक्टरला दाखवलंय का विचार."

रविवारी अकरा वाजता बारसं होतं. पायल आत्या, म्हणून नाव तिनेच सांगायचं. पाळणा सिंगापुरात, आत्या बदलापुरात. तिकडे बाळाच्या कानाशी स्पीकर धरायचा, इकडून हिने कुजबुजायचं, असं ठरलं होतं. भागीरथीबाईंचं म्हणणं मात्र एकच होतं. नाव काय ठेवायचं ते ठेवा, मला पोरगी हाललेली दिसली पाहिजे.

शनिवारी सुदामरावांनी कैलासला फोन लावला.

"काका, टेन्शन नको. तुमचा नेट कोणीतरी खातंय. निळी वायर लॅपटॉपला लावा, मी सांगतो तो नंबर टाका. राऊटरचं पान उघडेल. नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड पण अ‍ॅडमिन."

सुदामरावांनी टाकलं. पान उघडलं. ते लगेच खुर्चीत मागे रेलले.

"कैलास, हा पासवर्ड तुला कसा माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे काका. सगळ्या डब्यांना हाच असतो. इंडियात कुठेही जा."

"म्हणजे देशभरात एकच किल्ली?"

"हां. सोयीचं पडतं."

बत्तीस वर्षांच्या नोकरीत सुदामरावांनी इतकी निर्लज्ज कबुली ऐकली नव्हती. त्यात त्या पानावर कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी होती. सुदामरावांनी चष्मा लावून ती हजेरीसारखी वाचली. एकूण नऊ. त्यात एक पायल. बाकीच्यांत 'म्हात्रे पीसी', 'म्हात्रे पीसी टू' आणि एक 'किंग'.

"किंग कोण?" सुदामरावांनी विचारलं.

"ते मला इथून नाही दिसणार, काका. पासवर्ड बदलून टाका, सगळे आपोआप बाहेर. राऊटरचा आणि वायफायचा एकच ठेवा, लक्षात राहतो. कमीत कमी आठ अक्षरं."

कोणीही माणूस इथे मुलीचं नाव आणि एक-दोन-तीन टाकून मोकळा झाला असता. पण सुदामरावांच्या कारखान्यात मुख्य गोदामाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली स्टोअरकीपरकडे, दुसऱ्याची गेटवर. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. सुदामरावांनी कपाटातून दोनशे पानी रजिस्टर काढलं. हे घरचं रजिस्टर. त्यात सिलिंडर, छत्र्या आणि शेजारी गेलेल्या वाट्या यांच्या आवक-जावक नोंदी असत.

"पासवर्डाचे दोन भाग," सुदामराव म्हणाले. "पूर्वार्ध मी टाकणार. उत्तरार्ध तू टाकायचा भागीरथी. माझा तुला कळणार नाही, तुझा मला कळता कामा नये."

"माझं पीठ भिजवायचं राहिलंय."

"पीठ नंतर. आधी सही कर."

नोंद अशी होती: 'पासवर्ड उत्तरार्ध सौ. भागीरथी यांच्या ताब्यात. तो कोणासही सांगू नये. स्वतः सु. पगारे यांनी मागितला तरी देऊ नये.' भागीरथीबाईंनी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्या थोड्याशा हसल्या. तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

सुदामरावांनी चार आकडे दाबले आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांचा पूर्वार्ध म्हणजे कारखान्यातला टोकन नंबर, चव्वेचाळीस सतरा, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. सुदामरावांच्या कुठल्याही गोष्टीची सुरुवातच "मी, टोकन नंबर चव्वेचाळीस सतरा" अशी व्हायची. मग भागीरथीबाईंनी एका बोटाने, सावकाश, त्यांचा उत्तरार्ध टाकला. पुन्हा टाका म्हणून पानाने सांगितलं तेव्हा पुन्हा टाकला. पडद्यावर नुसते ठिपके. दोन्ही वेळचे जुळले.

यापुढे सुदामरावांनी जे केलं ते फक्त चोख नोकरी केलेला माणूसच करू शकतो. निळी वायर लावली की पासवर्ड लागत नाही, असं कैलास सहज बोलून गेला होता. म्हणजे ते मागचं गेट. सुदामरावांनी पकड घेऊन वायरचे चार तुकडे केले. फोन कंपनीचं युजरनेम लिहिलेला एक कागद होता. राऊटरला ते आता पाठ आहे म्हटल्यावर कागद गोपनीय ठरला, आणि गोपनीय कागदाचं काय करायचं हे त्यांना माहीत होतं. तो त्यांनी गॅसवर जाळला.

"पप्पा, अहो, पुढेमागे लागला असता," पायल म्हणाली.

"लागू नये म्हणूनच जाळला."

रविवारी दहा वाजता दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचे बाळाजी म्हात्रे उभे होते. इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती मुळात त्यांची भाताची खाचरं, त्यामुळे इमारतीतली कुठलीही वस्तू त्यांना अगदीच परकी वाटत नसे.

"पगारे, नेट बंद परलाय. कंदी चालू होयाचा?"

"म्हात्रे, नेट माझा आहे."

"मंग? मी काय माजा बोललो? आमचे पोराची फाइल आर्धी र्‍हायली ना."

त्यांच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरच्या अंजनीबाई आल्या. वय अडुसष्ट, हातात जपाची माळ.

"पगारे भावोजी, कालपासून माझी भजनं येत नाहीयेत हो."

"तुमची कुठली भजनं?"

"कॉम्प्युटरवरची. नातवाने लावून दिलाय. ते 'किंग' का काय ते लिहून येतं ना, तो माझाच."

सुदामरावांनी रजिस्टर उघडून किंगसमोर खूण केली. साडेदहापर्यंत आठही अनधिकृत इसम हजर झाले. बारसं आहे म्हटल्यावर कोणी परत जाईना. घरी जाऊन त्यांनी आपापल्या खुर्च्या आणल्या.

पायलने लॅपटॉप उघडला. पडद्यावर पासवर्डाची चौकट आली. सुदामराव खाकरले, पुढे झाले आणि आपले चार आकडे दाबले.

"चव्वेचाळीस सतरा," मागून सगळे एका सुरात म्हणाले.

"भागीरथी! उत्तरार्ध!"

भागीरथीबाई खिरीचा डाव ठेवून, हात पुसत बाहेर आल्या. लॅपटॉपकडे न जाता त्या सरळ रजिस्टरपाशी गेल्या, पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"कारण?"

"कसलं कारण?"

"उत्तरार्ध कशासाठी पाहिजे, त्याचं."

"अगं, बारसं आहे ना!"

"हे तोंडी झालं. आणि तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही, असं इथे लिहिलंय. सही माझी आहे."

"आई, वीस मिनिटं राहिलीत!" पायल ओरडली. "स्टेशनजवळच्या सायबरमध्ये जाऊ या का?"

पण सायबरमध्ये कॅमेरा एकच, आणि तो दर रविवारी मालकाच्या मेव्हण्याकडे असायचा. सुदामरावांनी कैलासला फोन लावला.

"काका, निळी वायर लावा ना सरळ."

"तिचे चार तुकडे केलेत."

"का? बरं, जाऊ द्या. राऊटरच्या मागे बारीक भोक आहे, पीन टोचून धरा. सगळं पहिल्यासारखं, अ‍ॅडमिन अ‍ॅडमिन. फक्त मग फोन कंपनीचं युजरनेम परत टाकायचं, त्या कागदावरचं."

सुदामरावांनी गॅसच्या शेगडीकडे पाहिलं.

"काका, कागद आहे ना?"

"कैलास, मी नंतर करतो फोन."

सुदामराव वळले. सगळी इमारत त्यांच्याकडे बघत होती. बाळाजी म्हात्रे समजुतीच्या सुरात म्हणाले, "वयनी, सोरा ना आता. म्हातारा परेशान झालाय."

"भावोजी, एकोणऐंशी साली हे म्हातारे नव्हते," भागीरथीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. डाळ निवडताना बोलावं तशा त्या बोलत होत्या. "राजरत्न दीड महिन्याचा होता. मी माहेराहून आले, स्टेशनवर उतरले आणि घरी न जाता आधी कारखान्याच्या गेटवर गेले. यांनी पोराला पाहिलं नव्हतं अजून. ड्युटीवर हेच होते. म्हणाले, पास बनव."

"नियम होता," सुदामराव पुटपुटले.

"नियम होताच. फॉर्म भरला मी. भेटणाऱ्याचं नाव, नातं, सोबतचं सामान. सामानात पोराचं नाव लिहायला लावलं. भेटीचं कारण लिहिलं, मूल दाखवणे. सही करणारा साहेब जेवायला गेलेला. चाळीस मिनिटं उन्हात उभी होते. ह्यांनी पोरगा पहिल्यांदा पाहिला तो गजांतून. आणि तरी गेट उघडलं नाही."

किंगने जपाची माळ थांबवली.

"चाळीस नाही," सुदामराव हळूच म्हणाले. "अडतीस. नोंद आहे." मग ते खाली बसले, रजिस्टरचं मागचं पान काढलं आणि लिहायला लागले.

अर्ज तीन ओळींचा झाला. भेटीचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'नात पाहणे'. भागीरथीबाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"दिनांक नाही."

सुदामरावांनी दिनांक टाकला.

"सोबतचं सामान?"

सुदामरावांनी खोलीभर नजर फिरवली आणि लिहिलं, 'शेजारी, नग आठ'.

"सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करा," भागीरथीबाई म्हणाल्या.

आठ शेजारी, एक मुलगी आणि एक निवृत्त गेटमन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे एका बोटाने दाबलेल्या बटणांचे आवाज आले. बाळाजी मोजत होते, पण त्यांची मोजणी सहावर चुकली.

अकरा वाजून दोन मिनिटांनी सिंगापूर दिसलं. आधी राजरत्नचं कपाळ, मग पाळणा. नेट खाणारे आठही जण खोलीतच होते, त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या वायरमध्ये दुसरं काहीच चाललेलं नव्हतं. पायलने माइकजवळ तोंड नेऊन "उत्पला" अशी कुजबुज केली. पाळण्यातल्या मुलीने मोठी जांभई दिली, उजवा हात वर केला आणि स्वतःच्याच नाकावर मारला.

"हालली!" भागीरथीबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मग सगळ्यांनी खीर खाल्ली आणि आपापल्या खुर्च्या घेऊन गेले.

आता त्या इमारतीत घरटी वेगळं इंटरनेट आहे आणि बारशाला कोणी खुर्ची घेऊन येत नाही. दोन शिंगांचा राऊटर माळ्यावर पडून आहे. त्याचा एकही दिवा लागत नाही. पण उत्तरार्ध काय होता हे सुदामरावांना अजून कळलेलं नाही. ते दर वर्षी अर्ज करतात. रजिस्टरात भागीरथीबाईंचे शेरे आहेत: 'कारण पुरेसे नाही', 'अक्षर लागत नाही', 'अर्जदाराने काल माझा चहा पाणचट म्हटला, सबब नामंजूर'.

उत्पला आठ वर्षांची असताना सुट्टीला आली होती. एका दुपारी आजीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी बराच वेळ हसत होत्या. सुदामरावांनी तिला चॉकलेट देऊन विचारलं. तिने चॉकलेट घेतलं आणि म्हणाली, "आजोबांनी मागितलं तरी द्यायचं नाही, असं रजिस्टरात आहे."

त्याच संध्याकाळी केलेला अर्ज फ्रिजवर अजून लावलेला आहे. तो असा:

'प्रति, सौ. भागीरथी सु. पगारे, उत्तरार्धधारक, यांस. विषय: बंद पडलेल्या राऊटरच्या पासवर्डाचा उत्तरार्ध मिळणेबाबत. महोदया, आपल्या ताब्यातील सदर माहिती आपण एका बाहेरगावच्या इसमास (वय ८) परस्पर दिल्याचे निदर्शनास आले आहे. अर्जदार हे मूळ नोंदकर्ते असून अडतीस वर्षांपूर्वी गेट न उघडल्याबद्दल त्यांना खेद आहे. तरी एकोणऐंशी सालचा तो पास आता मंजूर समजावा, अडतीस मिनिटे कामाच्या वेळेतून वजा करावीत, आणि उत्तरार्ध एकदाच, कानात, सांगण्यात यावा, ही विनंती. आपला विश्वासू, सु. पगारे, टोकन नं. ४४१७ (निवृत्त). सोबतचे सामान: काही नाही.'