बेचाळिसावा फलक

ग्लेंडा केसलरने नमुना मतपत्रिका वाचली आणि कॉफीचा कप तसाच खाली ठेवला.

उन्हाळाभर राबून तिने काउंटीत बेचाळीस फलक ठोकले होते: ‘रुग्णवाहिकेसाठी होय!’ आणि मतपत्रिकेवर प्रश्न होता, ‘दवाखाना व रुग्णवाहिकेसाठीचा डॉलरमागे अर्ध्या सेंटाचा विक्रीकर बंद करावा काय?’ म्हणजे तिचं ऐकणारा प्रत्येक भला माणूस उद्या रुग्णवाहिका बंद पाडणार होता. सगळ्यात जवळचं इस्पितळ पंचावन्न मैलांवर, आणि मध्ये नुसता गहू. ग्लेंडा अकरा वर्षं ती गाडी चालवत होती, तीही फुकट.

“निवडणूक कचेरीत फोन करून बघ,” नवरा वेंडेल म्हणाला.

“केला. म्हणतात, वाक्य कायदेशीर आहे.”

“मग आता?”

“आता काय? मतदान उद्यावर आलंय. रंगाचा ब्रश कुठाय?”

ती पिकअप घेऊन निघाली. प्रत्येक ‘होय’वर फुली आणि खाली ‘नाही’. धान्याच्या कोठारापाशी चारजणांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली. चर्चपाशी पाद्रीणबाई लोइस केक घेऊन आडव्या आल्या.

“म्हणजे गाडी हवी असेल तर नाही म्हणायचं?”

“हो.”

“म्हणजे होय?”

“नाही!”

“मग नाही?”

“हो!”

लोइसबाई केक तसाच घेऊन परत गेल्या. ग्लेंडाने दात-ओठ खात पुढचा फलक गाठला. एक्केचाळिसाव्यावर रंग संपला.

बेचाळिसावा होता ऑरिन पेटीग्रूच्या फाटकासमोर. ऑरिनच्या फाटकावर मात्र त्याची स्वतःची ‘नाही’ची फळी होती. तीस वर्षं तीच. मतदान आलं की गोठ्यातून काढायची, धूळ झटकायची आणि टांगायची. शाळेचं छप्पर असो, पूल असो, ऑरिनचं उत्तर ठरलेलं. प्रश्न तो वाचत नसे. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडून खुबा मोडला तेव्हा ग्लेंडानेच त्याला इस्पितळात नेलं होतं. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या हा गृहस्थ पंचावन्न मैल करांविरुद्ध भांडत होता.

“ऑरिन, रंग आहे का रे? ‘नाही’ लिहायचंय.”

ऑरिनचा चेहरा उजळला. “आली एकदाची अक्कल!” तो लंगडत गेला आणि गोठ्याला लावायचा लाल रंग घेऊन आला.

ग्लेंडाने ‘ना’ लिहिलं आणि तिचा हात थांबला. गप्प बसलं तर याचं मत आपोआप गाडीला. पण तिला ते जमेना.

“ऑरिन, उद्या ‘नाही’ म्हणालास तर कर राहतो. बंद करायचा तर ‘होय’ म्हणावं लागेल.”

ऑरिनने चष्मा चढवून नमुना दोनदा वाचला. “हे मला सांगितलंस कशाला, बाई?”

“उद्या पुन्हा पडलास तर तुला उचलायला मीच येणार. तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघता यायला हवं.”

ऑरिनने तिच्या हातातून डबा घेतला, झाकण दाबलं आणि आत निघून गेला. फलकावर नुसतंच ‘ना’ राहिलं. घरी येऊन ग्लेंडा वेंडेलपाशी रडली. “माझ्याच तोंडाने घालवलं रे मी,” म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती मतदारांना फोन करत राहिली.

कर टिकला. नऊ मतांनी.

तिसऱ्या दिवशी ती फलक उपटायला निघाली. ऑरिनच्या फाटकापाशी आली आणि तिने गाडी थांबवली. तिच्या टापटीप ‘ना’शेजारी वेडावाकडा, ओघळलेला ‘ही’ होता. रंग खडखडीत वाळलेला.

ऑरिन फाटकात उभाच होता. “अर्धवट काम मला बघवत नाही. बाकी काही समजू नकोस.”

“मत काय दिलंस?”

“मतदान गुप्त असतं.” त्याने आपली फळी उतरवून काखेत मारली आणि दोन पावलं जाऊन वळला. “आणि पुढच्या वेळी तो गाडीचा भोंगा जरा हळू वाजव. मागच्या खेपेला माझं बोलणं तुला नीट ऐकूच गेलं नसेल.”