खिडकी क्रमांक चारच्या अर्जाबाबत हरकती मागवणे

माणूस शिकला की सुधारतो, असे सर्वत्र समजले जाते. ते खरे असेलही. परंतु शिकायला निघालेल्या माणसामुळे मागे राहिलेल्या खात्याची जी गैरसोय होते, तिचा विचार आजवर कोणी केलेला नव्हता. तो आमच्या खात्याने केला. हा विचार गेले अडीच महिने चालू असून त्याची प्रगती समाधानकारक आहे.

आमचे खाते ना-हरकत दाखले देते. निदान देण्यासाठी ते स्थापन झाले, असे प्रवेशद्वारावरच्या फरशीत कोरलेले आहे. कुणाला कुंपणाची भिंत वीतभर उंच करायची असते, कुणाला दुकानाची पाटी बदलायची असते. त्याबद्दल कुणाची हरकत नाही, असा कागद लागतो. तो खिडकी क्रमांक चारवर मिळतो. या खिडकीत गेली अकरा वर्षे जे गृहस्थ बसतात त्यांना सगळे खाते 'बिनहरकत' म्हणते. त्यांची कामगिरी आकड्यांतच सांगितलेली बरी. अकरा वर्षांत आलेले अर्ज सहा हजार दोनशे चौदा. त्रुटी काढून परत केलेले सहा हजार एकशे अठ्ठ्याण्णव. दिलेले दाखले अकरा (पैकी एक चुकून दिला गेला, त्याबद्दल लेखी खुलासा घेण्यात आला). उरलेल्या पाच अर्जदारांचे काय झाले, ते कळत नाही. ते बहुधा अजून इमारतीतच असावेत.

प्रस्तुत लेखक या खात्यात मुख्य लिपिक असून त्याचे टेबल बिनहरकतांच्या पाठीमागे आहे. त्यामुळे पुढील सर्व हकिगत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी, आणि बहुतांशी बिनहरकतांच्या खांद्यावरून पाहिलेली आहे.

सुरुवात एका रॅम्पपासून झाली. एका काकांना घराच्या पायऱ्यांवर लाकडी रॅम्प बसवायचा होता. काकूंची व्हीलचेअर बाहेर काढता यावी, एवढाच हेतू. काका नऊ वेळा आले. पहिल्या वेळी नकाशा नव्हता, दुसऱ्या वेळी नकाशावर दिशा दाखवलेली नव्हती, तिसऱ्या वेळी दिशा होती पण ती पेन्सिलने होती. असे करत करत अर्ज छान आकाराला येत होता. दहाव्या वेळी काका आले ते हातात काहीच न घेता. म्हणाले, "अर्ज मागे घ्यायचाय. आता गरज नाही."

अर्ज मागे घेण्याचा नमुना वेगळा असतो. तो तिसऱ्या मजल्यावर मिळतो. काका तो घेऊन आले, भरला, सही केली आणि गेले. आमच्या मासिक अहवालात ही नोंद 'एक अर्ज निकाली' अशी झाली. महिन्याची सरासरी त्यामुळे एकदम सुधारली आणि साहेबांनी अभिनंदन केले. बिनहरकतांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. अपचन असावे, असे आम्हाला वाटले.

ते अपचन नव्हते, हे पुढच्याच आठवड्यात उघड झाले. त्यांनी लोकव्यवस्थापन या विषयातील पूर्ण वेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करायचे ठरवले. दोन वर्षे, रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, वर्गात बसून. वयाची अट पंचेचाळिशीच्या आतली. बिनहरकतांना पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होतात. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. अशा निकडीच्या बाबी आमच्या खात्यात नेहमीच अत्यंत काळजीपूर्वक, म्हणजे सावकाश, हाताळल्या जातात.

अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेने मागितलेली कागदपत्रे अशी: पदवीचे प्रमाणपत्र, दोन शिफारसपत्रे, सध्याच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, आणि 'लोकांचे व्यवस्थापन आपण का करू इच्छिता?' या विषयावर पाचशे शब्दांपर्यंत निवेदन. निवेदन त्यांनी प्रथम चारशे नव्वद शब्दांत लिहिले. त्यात 'उपरोक्त' नऊ वेळा होते. त्यांची मिसेस दवाखान्यात नर्स आहे आणि तिला कागदापेक्षा माणसे बघायची सवय आहे. तिने ते वाचले आणि विचारले, "अहो, ही जप्तीची नोटीस आहे का? मनात काय आहे ते लिहा ना सरळ."

मग त्यांनी एकच वाक्य लिहिले. 'माणूस समोर उभा असताना त्याला हो कसे म्हणावे, हे मला शिकायचे आहे.' हे वाक्य आम्ही पाहिले आहे. त्यात एकही संदर्भ क्रमांक नाही.

राहता राहिला ना-हरकत दाखला. त्यासाठीचा अर्ज आवक टेबलावर नोंदला गेला, त्यावर शिक्का बसला, आणि नियमानुसार तो खिडकी क्रमांक चारकडे, म्हणजे बिनहरकतांकडेच, छाननीसाठी आला.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने इकडेतिकडे बघून सही ठोकली असती. बिनहरकतांनी चष्मा पुसला, स्वतःचा अर्ज पुढे ओढला आणि त्यात तीन त्रुटी काढल्या. एक, सहपत्रांना पृष्ठ क्रमांक नाहीत. दोन, छायाचित्र सहा महिन्यांपेक्षा जुने दिसते (अर्जदार त्यात आनंदी आहे). तीन, अर्जदाराची सही कार्यालयीन नोंदीशी जुळत नाही. ही तिसरी त्रुटी अगदी रास्त होती. खिडकीत बसून ते दोन फराटे आणि एक टिंब अशी सही करतात. अर्जावर मात्र त्यांनी गोल अक्षरात, पूर्ण नाव लिहून, शाळेतल्या मुलासारखी सही केली होती. खुलाशासाठी अर्जदाराने अकरा ते एक या वेळेत समक्ष हजर राहावे, असे पत्र त्यांनी स्वतःच्या घरच्या पत्त्यावर पाठवले.

पत्र पोचायला चार दिवस लागले. खाते त्यांच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

पाचव्या दिवशी बिनहरकत अर्धी रजा टाकून रांगेत उभे राहिले. पुढे सहा माणसे होती. खिडकी रिकामी होती, कारण खिडकीतले गृहस्थ रांगेत होते. सव्वा बारापर्यंत लोक चुळबुळ करू लागले. कोणीतरी म्हणाले, "हा माणूस कधीच जागेवर नसतो." त्यावर बिनहरकतांनी मान डोलावली. एक वाजता शिपायाने 'संबंधित कर्मचारी जागेवर नाहीत' ही पाटी लावली आणि सर्वजण शिस्तीत घरी गेले. असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी ते कामावर हजर झाले आणि अर्जदार गैरहजर राहिल्याचा शेरा त्यांनी मारला.

त्या संध्याकाळी मिसेस स्वतः खात्यात आली. दवाखान्यातला गणवेशही बदललेला नव्हता.

"अहो, खिडकी तुमची, शिक्का तुमचा. मग आत जाऊन मारा ना एक सही!"

"अर्जदारानं आत यायचं नसतं. पाटी आहे तशी."

"ती पाटी तुम्हीच लावलीत."

"म्हणून तर," बिनहरकत म्हणाले. "रॅम्पवाल्या काकांना नऊ वेळा परत पाठवलं मी. आणि स्वतःचा कागद एका दिवसात सोडवू? कुठल्या तोंडानं?"

ती मग म्हणाली, "त्यांना पाठवलंत ते चुकलंच. पण आता तुम्ही स्वतःलाही परत पाठवलंत म्हणून ते काही बरोबर होत नाही." दवाखान्यात काम करणाऱ्यांना कार्यपद्धतीची पुरेशी समज नसते, म्हणून आम्ही हे बोलणे नोंदीत घेतले नाही. मात्र ते आमच्या कानात का कोण जाणे, दोन दिवस राहिले.

अखेर प्रकरण साहेबांकडे गेले. साहेब विचारी आहेत. त्यांना अर्जातील 'पूर्ण वेळ' हे शब्द खटकले. माणसाकडे पूर्ण वेळ एकच असतो आणि तो त्याने नेमणुकीच्या दिवशी खात्याला देऊन टाकलेला असतो. मग हा दुसरा पूर्ण वेळ आला कुठून? त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीने बिनहरकतांच्या आठ तासांची पाहणी केली. फायली शोधणे, दोन तास दहा मिनिटे. शोधलेली फाईल ही ती नव्हे हे समजणे, पन्नास मिनिटे. शिक्क्याची शाई वाळण्याची वाट पाहणे, चाळीस मिनिटे. पंखा चालू करण्याबाबत चर्चा, एक तास. समितीशी पाहणीबाबत बोलणे, तीन तास. काम, वीस मिनिटे. समितीचा निष्कर्ष असा की, जो वेळ खात्यालाच कधी पूर्ण मिळालेला नाही, तो दुसऱ्या संस्थेला पूर्ण देणे हा खात्याचा अपमान आहे. तथापि समिती कठोर नव्हती. बिनहरकतांनी दोन्हीकडे अर्धवट वेळ दिल्यास आपली हरकत नाही, असे तिने नमूद केले. संस्थेला हे कळवले असता संस्थेकडून उत्तर आले नाही. संस्थेतली माणसे बहुधा हसत असावीत. शिकलेल्या माणसांना कशाचे हसू येईल सांगता येत नाही.

तेव्हा साहेबांनी शेवटचा मार्ग काढला. ज्या अर्जात खात्याच्याच माणसाचा स्वार्थ आहे, त्यात निर्णय जनतेवर सोडावा. तीस दिवस नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात. हरकती कितीही येवोत, पण 'आमची हरकत नाही' असे लिहून, दोन नागरिकांच्या सह्यांनिशी, एक जरी कागद आला, तरी दाखला द्यावा. तिसावा दिवस आणि संस्थेची शेवटची तारीख एकच निघाली. साहेबांना हा योगायोग फार आवडला.

आजवर सेहेचाळीस हरकती आल्या. नमुन्यादाखल काही देतो. एका गृहस्थांची हरकत नोटिशीच्या बारीक टाइपाला आहे. एका बाईंना या माणसाने दोन वर्षे हेलपाटे घालायला लावले, तर आता त्याला इतक्या सहज जाऊ का द्यायचे, असे त्या विचारतात. बिनहरकतांच्या मेव्हण्याची हरकत आहे, कारण या वयात दप्तर घेऊन फिरलेले बरे दिसत नाही. चौदा जणांनी कशाबद्दल ते न विचारता सरसकट हरकत घेतली आहे. एकाने आधीच्या हरकतींना हरकत घेतली, तेव्हा आम्ही शिक्का हातात घेतला, पण तो कागद पावसाळी गटाराबद्दलचा होता आणि चुकून इकडे आला होता. 'हरकत नाही' असे लिहून पाठवणारा एकही निघाला नाही. ज्यांची हरकत नसते, ते घरीच बसतात.

आज तिसावा दिवस. बारा वाजून दहा मिनिटांनी रॅम्पवाले काका आले.

खिडकीत बिनहरकत होते. काकांना पाहताच ते उठून उभे राहिले. काकांनी घडी केलेला कागद काचेखालून आत सरकवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले होते: 'माझी काही हरकत नाही. यांना शिकायला जाऊ द्यावे.' खाली सही.

स्वतःच्या प्रकरणातला कागद बिनहरकतांना स्वीकारता येत नाही. ते दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले. म्हणाले, "काका, तुम्ही कशाला आलात?"

"दहा वेळा आलो होतो," काका म्हणाले. "अकराव्यांदा यायला काय झालं? शिका बाबा. नीट शिका."

कागद आम्ही घेतला. आम्ही मुख्य लिपिक आहोत. कागद हातात आला की आम्ही आधी त्रुटी पाहतो. आम्ही पाहिली. म्हणालो, "काका, सह्या दोन लागतात. ही एकच आहे."

"दुसरी सही घरातूनच आणली असती हो," काका म्हणाले. आता ते बाकड्यावर बसले आहेत. बिनहरकत अजून उभेच आहेत. प्रस्तुत लेखकाने आपली सही पुढे केली असती, परंतु तो कर्मचारी आहे, नागरिक नाही.

सबब, दुसरी सही तुमची. हे निवेदन म्हणजे त्या नोटिशीचीच पुरवणी आहे. तुम्ही नागरिक आहात. तुम्हाला वाचता येते, हे सिद्ध झालेले आहे. अर्जदाराशी तुमचे नाते नाही. याहून योग्य माणूस खात्याला मिळायचा नाही. खिडकी एकला बंद होते आणि आता पाऊण वाजला आहे.

तुम्ही म्हणाल, वाईट वाटते हो, पण यात आपण काय करणार? किंवा म्हणाल, सही करायला कोणीतरी दुसरा येईलच. गोंधळू नका, ही दोन्ही उत्तरे आमच्या छापील नमुन्यात आहेत. खिडकी क्रमांक चारवर माणूस नेमताना ती त्याला न अडखळता म्हणता येतात ना, एवढेच आम्ही पाहतो. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून तुमच्या नावापुढचा शेराही आम्ही आधीच लिहून ठेवला आहे. नागरिकाने शेवटपर्यंत वाचले. मधे तीन-चारदा हसले. हळहळले. दप्तरी दाखल.