आभार राहिले

आमच्या इंग्रजी विभागाच्या सभागृहातून, ज्याचे आभार मानले गेले नाहीत त्याला बाहेर पडता येत नाही. दार उघडंच असतं, फक्त पाय उंबऱ्यापलीकडे पडत नाही. बांधकाम खात्याने पाहणी करून दार ठीक असल्याचा शेरा दिला आहे.

म्हणून इतर विभागांत आभारप्रदर्शनाच्या वेळी लोक चपला शोधत असतात, तेव्हा आमच्याकडे जिवाचा कान करून ऐकतात. ते काम माझ्याकडे आहे. विभागात मी सर्वांत कनिष्ठ. स्वतःचे आभार स्वतः मानलेले चालत नाहीत, मागून घेतलेलेही नाहीत. तेव्हा शेवटी विभागप्रमुख प्रभुदेसाई सर उठून माझे आभार मानतात आणि मी दिवे घालवून खोलीवर जाते.

गेल्या शुक्रवारी ‘साहित्य लोकांच्या दारी’ या उपक्रमात दिल्लीच्या एका कवयित्रीचं काव्यवाचन होतं. लोक म्हणजे आमचेच विद्यार्थी, हजेरीच्या बोलीवर आणलेले. मी पाहुण्यांचे, कुलगुरूंचे, सरांचे, विद्यार्थ्यांचे, माइकवाल्याचे आणि समोसेवाल्याचे आभार मानले. शेवटी एरवी मी ‘उपस्थितांचे’ म्हणते. या वेळी सरांनी तो शब्द खोडून ‘साहित्यरसिकांचे’ केला होता, अहवालात बरं दिसतं म्हणून. मग सरांना पाहुण्यांची गाडी गाठायची होती. ते माझ्याकडे बघून हात हलवत निघून गेले. दार हात हलवणं धरत नाही.

सभागृह रिकामं झालं. उंबऱ्याशी आप्पा हुक्केरी तेवढे उभे होते. आप्पांचं आयुष्य कापडाच्या मागावर गेलं. आमचा एकही कार्यक्रम ते चुकवत नाहीत.

“बाई, पाय उचलंना,” ते म्हणाले.

“तुम्ही साहित्यरसिक नाही का?”

“न्हाई बा. मला इंग्रजी कुठलं कळतंय?”

“मग येता कशासाठी?”

“आमची मंडळी वारल्यापास्नं घरात कोण बोलत न्हाई. हितं तासभर माणूस बोलत असतंय. काय बोलतंय त्येचं आपल्याला काय करायचंय?”

मला ते लगेच पटलं. खोलीवर मी रेडिओ याच कारणासाठी लावते, आणि आंघोळीला गेले तरी बंद करत नाही.

माइकवाला माइक घेऊन गेला होता. तरी मी रीतसर टेबलामागे उभी राहिले. म्हणाले, “ज्यांना एक शब्द कळला नाही आणि तरीही जे शेवटपर्यंत बसून राहिले, त्या श्री. आप्पा हुक्केरी यांचे मी विभागाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानते.”

आप्पांचा पाय सुटला. तेवढ्यात सरांचा फोन आला.

“ठोंबरे मॅडम, फोटो पाठवलेत?”

“पाठवले, सर.”

“छान. काही राहिलं नाही ना?”

मागून घेतलेले चालत नाहीत. “नाही, सर,” मी म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

आप्पा व्हरांड्यात गेले होते. ते परत आत आले. पिशवीतून अल्पोपाहाराचा खोका काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

“तुमी कायच खाल्लं न्हाई. सगळा येळ हुब्याच हुता.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आणखी एक शब्द पुरला असता. पण आमच्या भागात आभार मानत नाहीत, खायला देतात. दार बाहेरगावाहून आणलेलं आहे, त्याला हे कळत नाही.

“फुडचा कार्यक्रम कधी?” त्यांनी विचारलं.

“अजून ठरलेला नाही.”

“ठरंल की. येतोच मी,” असं म्हणून ते गेले. चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

मी उंबऱ्यापलीकडे पाय टाकून पाहिला, पडला नाही. मग दिवा एकच ठेवला आणि राखीव असलेल्या पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिथे मी आजवर बसले नव्हते. खोका उघडला. मला फार एकटं वाटत होतं, आणि त्याच वेळी आज आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष होतं, हेही वाटत होतं. समोसा गार झाला होता. मी सगळा खाल्ला.