कमाल, वय वर्षे साठ

माझी नजर घारीची, नाक श्वानाचं आणि डोकं माझं स्वतःचं. या तिसऱ्या गोष्टीची घरात कुणालाच खंत नाही असं नाही, पण ते असो. मला पाहून भलेभले गुन्हेगार चळाचळा कापले असते. अडचण एवढीच, की अजून एकाही गुन्हेगाराने मला पाहिलेलं नाही.

परवा दुपारी वहिनी माझ्या कार्यालयात आली. कार्यालय म्हणजे जेवणाचं टेबल, पण जेवणं उरकली की ते कार्यालयच असतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल इअरबड्स लावून ऐकायचे आणि टाइप करायचे, हे वहिनीचं काम. बारा वर्षांत एक चूक नाही.

"भाऊजी, माझे कान गेले."

"शेवटचे कुठे पाहिले होते?"

ती हसली नाही. तिने राजीनामा पुढे ठेवला.

"सोमवारपासून नीट ऐकूच येत नाही. आवाजाची पट्टी टोकापर्यंत नेली तरी! डॉक्टर म्हणाले, 'रुग्ण चालू लागला आहे.' मी टाइप केलं, 'रुग्ण चालू आहे.' त्याच्या बायकोने ते वाचलं."

"मग?"

"म्हणाली, अगदी बरोबर निदान. म्हणून निभावलं. पण उद्या माझ्यामुळे कुणाच्या गोळ्या चुकल्या तर? पाच वाजता हा देऊन येते." तिचे डोळे भरून आले.

"माझं बोलणं ऐकू येतंय?"

"येतंय ना. सगळं."

हा मुद्दा गौण म्हणून मी सोडून दिला आणि भिंग काढलं. इअरबडच्या जाळीवर निळा धागा! "गुन्हेगार निळा स्वेटर घालतो," मी जाहीर केलं. वहिनी माझ्या निळ्या स्वेटरकडे बघत राहिली. मी ताबडतोब तपासाची दिशा बदलली.

डावा-उजवा अदलाबदल झाला असणार! उलटे घालायला लावले, तर एक निसटून कपाटाखाली गेला. तो शोधण्यात अर्धा तास गेला. सापडला मात्र मलाच.

साडेचार वाजले. मी वहिनीचा फोन हातात घेतला, सेटिंग्ज उघडली आणि थबकलो. पडद्यावर चक्क लिहिलं होतं: 'कमाल: ६०'.

"वहिनी, हा कमाल कोण?"

"कोण कमाल?"

"वय वर्षे साठ. तुझ्या फोनमध्ये लपलाय. तूर्त कुठे राहतो ते सांग, बाकी माझ्यावर सोड."

"कमाल तुमचीच आहे, भाऊजी!"

"नातं नको जोडू. मी त्याला ओळखतही नाही."

पलीकडे खुर्चीत शर्टाला बटण लावत बसलेल्या आईने दोरा दाताने तोडला. "बघू इकडे." चष्मा सरसावून तिने मोठ्याने वाचलं, "'आवाजाची मर्यादा. कमाल: साठ.' अरे, कमाल म्हणजे जास्तीत जास्त. तापमान सांगतात ना, कमाल इतकं, किमान तितकं?"

"म्हणजे किमान हा त्याचा साथीदार!"

आईने बोटाने साठाचे शंभर केले आणि फोन सुनेला दिला. वहिनीने रेकॉर्डिंग लावलं आणि ताडकन उडाली.

"अहो आई, डॉक्टर शिंकले! मला शिंक ऐकू आली!" ती हसत होती आणि रडतही होती. "कान आहेत हो माझे!"

"पण मर्यादा घातली कुणी?" मी दरडावलं.

वहिनी ओशाळली. "सोमवारी फोननेच विचारलं, कानांच्या काळजीसाठी आवाज मर्यादेत ठेवायचा का? इतक्या आपुलकीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी 'हो' दाबलं."

"हिला नाही म्हणताच येत नाही," आई म्हणाली. "म्हणून तर या घरात आली."

वहिनीने राजीनामा टराटरा फाडला, आवाज आपल्याला सोसेल इतपत खाली आणला आणि टाइप करायला बसली. मी वही उघडली.

"वहिनी, केस मीच सोडवली, असं लिहून टाकू ना?"

तिने एका कानातला इअरबड काढला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नाही."