बोरखळवाडीस अळंब्या उगवल्या त्याची हकिकत

श्री. जी माती कोणास नाही म्हणत नाही तीस आधी नमन, मग चुलीस नमन, मग ऐकणारांस रामराम. पुसणारांनी पुसिले, की डोंगराखालच्या बारा घरांत काय घडले आणि कैसे घडले, म्हणोन जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी राज्यात ऐसे वर्तमान जाहले, की हुजुरांस गोरगरिबांची चिंता उत्पन्न जाहली. ज्यांस शेत नाही, ज्यांचे नाव कोणे सातबाऱ्यावर नाही, ऐशांच्या घरी एकेक हुन्नर पोचवावा आणि घरबसल्या त्यांच्या मीठभाकरीची तजवीज व्हावी, ऐसा हुकूम सादर जाहला, आणि हुकुमावर शिक्के जाहले, आणि मग तो हुकूम सुभ्यावरून तालुक्यास आणि तालुक्यावरून बोरखळवाडीस येऊन पोचला. वाडी डोंगराच्या पायथ्याशी, बारा घरांची, सारी मंडळी कातकरी. तेथे हुन्नर याआधीही आले होते. एके वर्षी शिवणयंत्रे आली, परंतु वाडीतले कापड ज्याच्या त्याच्या अंगावर तेवढेच, मग शिवावे काय? पुढे उंच जातीच्या शेळ्या आल्या, त्यांस कोकणचा पाऊस मानवला नाही, आणि मग त्या आषाढातच गेल्या. याकारणे नव्या हुकुमाची बातमी वाडीने ऐकिली आणि आपल्या कामास लागली. वाडीचे खरे काम एकच. दिवाळी सरली की वीटभट्टीचा मुकादम ट्रक घेऊन येई, आणि मंडळी दारे काथ्याने बांधून, पोरेबाळे आणि मडकी घेऊन ट्रकात चढत, आणि घाटावर जाऊन वैशाखापर्यंत विटा थापीत. मागे वाडीत एक कुत्रे राहत नसे.

त्या वाडीत लहाणू हिलम यांचे कुटुंब सुक्रीबाई, वय तिशीचे, अंगाने किरकोळ, परंतु पुसण्याची खोड भारी. लहानपणी आईस पुसत, की वीज कडाडली म्हणजेच अळंबी का येते, आणि काल नव्हती ती आज कोठून आली. आई म्हणे, "देवानं दिली तं घे नं खा." त्यावर सुक्रीबाईंचे समाधान होत नसे. लग्न होऊन त्या बोरखळवाडीस आल्या, कन्या कमळी जाहली, ती आठ वर्षांची जाहली, निम्मे वर्ष शाळेत आणि निम्मे भट्टीवर. आणि सुक्रीबाईंच्या मनी एक गोष्ट सदैव येई, की आपण या वाडीत इतकी वर्षे नांदलो, परंतु पौषात ही वाडी कैसी दिसते हे आपण पाहिलेच नाही.

आश्विन शुद्ध त्रयोदशीस तालुक्याचे हुन्नरखात्याचे कारकून दिगंबरराव धारप जीपगाडीतून खासा वाडीस आले. वयाने तरुण, बोलण्यात गोड, कपाळावर घाम. त्यांनी गाडीतून काचेच्या बाटल्या काढिल्या, त्यांत गव्हाचे दाणे, आणि दाण्यांवर कापसासारखे पांढरे काही. धारप बोलिले, "बायांनो, हे अळंबीचं बी. हिला शेत नको, ऊन नको. पेंढा उकळायचा, पिशवीत भरायचा, मधे मधे बी पेरायचं, तोंड बांधायचं, भोकं पाडायची आणि अंधारात टांगायचं. वीस दिवसांत पीक." मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. सुक्रीबाई पुढे सरल्या आणि पुसत्या जाहल्या, "साहेब, ह्ये बी कुठल्या झाडाला लागतं?"

"झाडाला नाही लागत. प्रयोगशाळेत करतात."

"मंग त्यांना पयलं बी कुनी दिलं?"

धारपांनी घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, तेवढं मलाही कोणी सांगितलं नाही." हे उत्तर सुक्रीबाईंस आवडले, कां की खोटे नव्हते.

मग पाण्याची पिंपे चुलीवर चढली आणि पेंढा उकळला. इतक्यात वर्दी आली, की सुभ्याचे मोठे साहेब दोन प्रहरी तसबीर काढावयास येतात, तोवर पिशव्या टांगलेल्या पाहिजेत. धारपांची धांदल उडाली. "भरा, भरा, हात चालवा," ऐसे म्हणो लागले, आणि पेंढा गरम, त्यातून पाणी टपटपते, तैसाच पिशव्यांत भरला गेला. घरटी दहा पिशव्या. सुक्रीबाईंच्या नऊ जाहल्या आणि दहावीच्या वेळी सुतळी सरली. त्या सुतळीच्या जागी रानभेंडीच्या झाडाची साल काढावयास रानात गेल्या, तेथून सरपण दिसले ते घेतले, आणि येईतो मोठे साहेब येऊन, तसबीर होऊन, गाड्याही गेल्या. उरला पेंढा टोपलीत सावलीस निपचित पडला होता. तो त्यांनी सांजेस, उरले बी पेरून, भरला, सालीने बांधला, आणि दहावी पिशवी नवांपाशी टांगिली.

आठवे दिवशी वाडीत हाकाटी जाहली. बारा घरांतल्या पिशव्या हिरव्या पडल्या, जैसे शेवाळ, आणि वासाने घरात बसवेना. मंडळींनी त्या ओढ्यापलीकडे नेऊन टाकिल्या आणि म्हणाले, शेळ्या गेल्या तैशी अळंबी गेली. धारपांस खबर पोचली, ते आले, त्यांनी पाहिले, आणि त्यांचे तोंड उतरले. वरून विचारणा आली होती, त्यास जबाब देणे भाग, म्हणोन त्यांनी लिहिले, की वाडीच्या मंडळींनी निगा राखिली नाही. ते मंडळींस वाचून दाखवून गेले. सुक्रीबाईंच्या नऊ पिशव्याही हिरव्याच. परंतु दहावी पाहावी तो आत पांढरे धागे, दह्याच्या कवडीसारखे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

आणिक कोणी असते तर देवाची कृपा म्हणोन हात जोडिते. सुक्रीबाई ओटीवर बसल्या, आणि एक हिरवी पिशवी फाडिली, मग दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येकीतला पेंढा मुठीत घेऊन पिळला. पाणी निघाले. मग पांढरीच्या तोंडातून चिमूटभर पेंढा काढून पिळला. हात ओलसर जाहला, परंतु थेंब पडला नाही. दाणे पाहिले, तो हिरव्यातले दाणे मऊ, शिजल्यासारखे. सासू ठमीबाई कुडाशी बसून पाहत होत्या, त्या म्हणाल्या, "सुकरे, घाणीत काय शोधतेस गं?"

"आत्या, बी शिजलं. पेंढा गरम व्हता नं आपुन घाईत भरला. ह्या दहाव्याला थंड व्हायाला टाइम मिळाला. आपली निगा नाय चुकली. घाई चुकली."

मग त्यांनी शेजारणीकडून पेंढा मागून आणिला, उकळला, बांबूच्या जाळीवर पसरिला आणि पुरता निवू दिला, पिळून पिळून पाहिला. बी तर सरलेले. तेव्हा त्यांच्या मनी आले, की हे धागे जर जिवंत आहेत तर दह्याचे विरजण लावतात तैसे हे लागेल की नाही? पांढऱ्या पिशवीतला मूठभर पेंढा घेऊन त्यांनी तीन नव्या पिशव्यांस विरजण लाविले. लागेल न लागेल हे सांगणारे कोणी नव्हते.

दिवाळी जाहली. कार्तिक शुद्ध सप्तमीस मुकादमाचा ट्रक येणार, ही बातमी आली आणि वाडी बांधाबांधीस लागली. लहाणूंनी मडकी पोत्यात भरिली आणि म्हणाले, "चल, ती पिशवी सोड आता."

सुक्रीबाई म्हणाल्या, "मी नाय येत."

लहाणू हसले, मग पाहिले तो ही थट्टा नव्हे. "एका पिशवीच्या भरवशावर ऱ्हाणार? आनि नाय उगवली तं म्हातारीला नं पोरीला काय घालशील?"

"नाय उगवली तं मागनं येते. पन ती हिरवी का झाली ह्ये मला कळलंय. आता पांढरीचं काय व्हतं ह्ये बगितल्याबिगर मला ट्रकात बसवंल का?"

लहाणूंनी पोत्याचे तोंड बांधून ते दारापाशी नेऊन ठेविले. दोन दिवस पोते तेथेच राहिले. सप्तमीस पहाटे कमळी ओरडत आली, की पिशवीला बोटे फुटली. पाहतात तो भोकाभोकांतून टाचणीच्या डोक्याएवढे करडे मणी, घोसच्या घोस. ठमीबाईंस हात धरून नेले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले, बोट लाविले, वास घेतला, आणि बोलिल्या, "ही मातीतली नव्हं. ही लाकडावरची. सावरीचं खोड कुजलं की शिंपल्यावानी येते. माझी आय लसूण घालून रांधायची. खायाची हाय, भिऊ नका." लहाणूंनीही एका मण्यास बोट लावून पाहिले. बाहेर ट्रकाचा भोंगा वाजला. त्यांनी पोत्यातली मडकी काढून चुलीपाशी परत मांडिली, आपले तेवढे अंथरूण काखेस घेतले आणि म्हणाले, "दोघं बसलो तं मुकादम पुढल्या साली नाव घेनार नाय. मी जातो. तू बग." अकरा घरे कूच करून गेली, आणि बाराव्या घरचा धनीही गेला. धुरळा बसला आणि वाडीत तिघी उरल्या. सुक्रीबाईंस ते दिवशी पहिल्याने भय वाटले.

तिसरे दिवशी मणी तळव्याएवढे जाहले. पहिला घोस त्यांनी रांधला, आधी आपण खाल्ला, घटकाभर थांबल्या, आणि मग लेकीस आणि सासूस वाढिला. विरजणाच्या तीन पिशव्यांतली एक हिरवी पडली, दोन पांढऱ्या जाहल्या. दोनाच्या सहा केल्या. मग अळंबी घरात खाऊन सरेना, तेव्हा टोपली डोक्यावर घेऊन त्या तालुक्याच्या बाजारास गेल्या. तेथे वेगळीच पंचाईत पडली. कोणी पुसे, "विषारी तर नाही ना?" कोणी टोपलीकडे पाही, मग सुक्रीबाईंकडे पाही, आणि कातकरणीच्या हातचे म्हणोन पुढे जाई. दोन प्रहर टळले, अळंबी कोमेजली, आणि जैशी नेली तैशी परत आणिली. दुसरे खेपेसही तेच. परंतु त्या रडल्या नाहीत, तर पाहत बसल्या, की कोण काय घेते आणि कोणे दिवशी घेते.

मासळीवाली चांगुणा नाखवा म्हणोन होती, आवाजाने आणि देहाने मोठी. ती म्हणाली, "काय गं, रोज येतेस, काय बघत बसतेस?"

"चांगुणाबाय, गुरवारी तुझ्याकडं गिऱ्हाईक का नसतं?"

"मार्गशीर्ष लागला ना! बाया गुरुवार धरतात. चार गुरुवार माझी पाटी उपाशी."

सुक्रीबाई म्हणाल्या, "मंग त्या दिशी त्या रांधतात काय?"

चांगुणाबाईने टोपलीतली एक अळंबी उचलून दाबून पाहिली, आणि मग तीस हसू फुटले. पुढले गुरुवारी तिने आपला ओटा तीन पाण्यांनी धुतला, त्यावर सुक्रीबाईंस बसविले, आणि आपण बाजूस उभी राहून बाजार दणाणेल ऐशी आरोळी दिली, "बिनकाट्याचं, बिनवासाचं, गुरुवारी चालणारं! मी स्वतः खाल्लंय, जिवंत आहे!" चांगुणाबाईचे गिऱ्हाईक वीस वर्षांचे, तिच्या शब्दावर आले. टोपली उन्हे चढण्याआधी रिकामी जाहली, आणि सुक्रीबाई तांदूळ, तेल आणि कमळीस लिहावयाची एक नवी पाटी घेऊन घरी आल्या.

पौष लागला. सुक्रीबाईंनी आपली वाडी पाहिली. सकाळी धुके ओढ्यावर उतरते, सावरीची पाने झडतात, आणि बंद घरांच्या ओट्यांवर खारी धावतात, हे सर्व त्यांनी पाहिले. कमळी एक दिवस न चुकविता शाळेस गेली. पौष वद्य पंचमीस धारप कारकून रिकाम्या बाटल्या परत नेऊन काम बंद करावे म्हणोन आले. पाहतात तो एका घरातून धूर निघतो, आणि आत आढ्यास चौदा पिशव्या, आणि पिशव्यांस शिंपल्यांचे झुपके. ते उंबऱ्यात तैसेच उभे राहिले. म्हणाले, "बाई, हे कसं केलंत?"

सुक्रीबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी घाई केली. बी शिजलं. आनि कागदावर आमची निगा चुकली म्हून लिवलंत."

धारप जोडे काढून जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मला दाखवा." सुक्रीबाईंनी पेंढा त्यांच्या मुठीत दिला. त्यांनी पिळला, थेंब पडला. "नाय झाला," बाई म्हणाल्या. पुन्हा पसरिला, पुन्हा पिळला, तीन वेळा, आणि चौथे वेळी थेंब पडला नाही. तेथेच बसून धारपांनी नवा जबाब लिहिला, की चूक शिकविणाराची होती, आणि खाली आपले नाव घातले. यापायी त्यांस वरून बोलणी खावी लागली ऐसे ऐकिले, परंतु चैत्रात ताज्या बियाच्या बाटल्या घेऊन तेच आले, कां की विरजणाचे विरजण लावता लावता जोर कमी होतो, हे सुक्रीबाईंनी त्यांस सांगितले होते आणि ते त्यांनी मोठ्या ठिकाणी पुसून खरे करून घेतले होते.

वैशाखात मंडळी परतली. लहाणू वाळून काळे ठिक्कर जाहले होते. त्यांनी लेकीकडे पाहिले, ती अंगाने भरली होती आणि पुस्तकातली अक्षरे सरळ वाचीत होती. रात्रीचे जेवण होताना ते एवढेच म्हणाले, "पौषात वाडी कशी दिसते गं?" सुक्रीबाई सांगत राहिल्या आणि ते ऐकत राहिले.

पावसाळाभर सहा बाया सुक्रीबाईंपाशी शिकल्या. दोघींच्या पिशव्यांत माश्यांच्या अळ्या पडल्या, त्या कंटाळल्या; चौघींच्या टिकल्या. शके एकोणीसशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरे, कार्तिक मासी ट्रक आला. सात घरे चढली. मुकादमाने हिलमांच्या दारी येऊन तीन वेळा भोंगा वाजविला आणि हाक मारिली, "लहाणू, येतोस की नाव काढू?" आतून लहाणूंचा आवाज आला, "काढ. माझे हात ओले हायत, पेंढा पिळतोय."

एवंच बोरखळवाडीचे वर्तमान. सात घरे अद्याप भट्टीवर जातात, ते लपवून ठेविले नाही. परंतु कोणी पौषात त्या वाटेने गेल्यास पाच घरांतून सकाळचा धूर निघताना दिसतो. लेखनसीमा.